वॅगनआरसाठी ऑइल फिल्टर: कंपनीचाच घ्यावा की बाहेरचा?

पाचवा गियर

मंडळी, गाडी वॅगनआर, २०१६ ची, पेट्रोल. के१०बी इंजिन, ९९८ सीसी, तीन सिलिंडर. वॉरंटी केव्हाच संपली. शोरूमच्या सर्व्हिसिंगच्या बिलात दर वेळी काहीतरी 'क्लीनिंग', 'ट्रीटमेंट' घुसडलेलं असतं, त्यामुळे यंदा ऑइल आणि फिल्टर स्वतः आणून ओळखीच्या गॅरेजमध्ये बदलून घ्यायचं ठरवलंय. ऑइल ५डब्ल्यू-३० हे मॅन्युअलमध्येच आहे, त्यावर वाद नको.

प्रश्न फिल्टरचा आहे. मारुतीचा स्वतःचा म्हणजे एमजीपी, शिवाय बॉश, प्युरोलेटर, एलोफिक, झिप असे सगळे मिळतायत. ऑनलाइन एक लालभडक 'परफॉर्मन्स' फिल्टर दिसला, कंपनीच्या पाचपट किंमत. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, कुठलाही आणा, आत कागदच असतो." खरंच काही फरक पडतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिकामटेकडा

लाल घ्या. लाल रंगाने गाडी ताशी दहा किमी जास्त पळते.

अनघा_नाशिक

कंपनीचा. शंभर-सव्वाशे रुपयांच्या वस्तूवर धागा काढावा लागतो यातच काय ते आलं. हघ्या (हलकेच घ्या).

टॉर्क रेंच

अनघाताई, वस्तू शंभराची असली तरी ती राखते ते इंजिन शंभराचं नाही. त्यामुळे धागा योग्यच. थोडं विस्ताराने लिहितो. वाहनांच्या सुट्या भागांच्या क्वालिटीत बरीच वर्षं काम केलंय.

"आत कागदच असतो" हे अर्धं खरं आहे. डबा कापून बघितला (जुना फिल्टर हॅक्सॉने कापून बघाच एकदा, मजा येते) तर चार गोष्टी दिसतात.

पहिला तो घड्या घातलेला कागद. तोंडावरच्या बारक्या भोकांच्या वर्तुळातून ऑइल आत शिरतं, कागदातून बाहेरून आत झिरपतं आणि मधल्या आट्यांच्या भोकातून इंजिनकडे जातं. साधारण २०-३० मायक्रॉनच्या वरचे कण अडले की काम झालं. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. स्वस्त मालात घड्या कमी, मधलं अंतर वेडंवाकडं, आणि कागद टोकाला नीट चिकटवलेला नसतो. मग ऑइल कागदातून न जाता फटीतून जातं. फिल्टर आहे पण नाही!

दुसरी, आतली रबरी चकती. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत खाली उतरू नये म्हणून. ही चकती चांगल्या मालात बऱ्याचदा सिलिकॉनची असते, इतर ठिकाणी साध्या नायट्राइल रबरची. साधं रबर उष्णतेने हळूहळू कडक होतं आणि सील धरत नाही.

तिसरा बायपास व्हॉल्व्ह. कागद चोंदला किंवा ऑइल फार जाड असलं की दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडतो. तो साधारण एक बारच्या आसपास गेला की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल सरळ पुढे सोडतो. तत्त्व असं की घाण ऑइल परवडलं, कोरडं इंजिन नको. स्प्रिंग किती दाबाला उघडेल हे इंजिननुसार ठरवलेलं असतं. डुप्लिकेट माल बनवणारा तिथे हाताला येईल ती स्प्रिंग टाकतो.

चौथी बाहेरची रबर रिंग. तिच्याबद्दल गॅरेजवाले जास्त सांगतील.

गाळण्याची क्षमता मोजायला आयएसओ ४५४८-१२ ही चाचणी आहे. ज्याच्या डब्यावर किंवा साइटवर 'अमुक मायक्रॉनला इतके टक्के' असं स्पष्ट लिहिलंय, त्याने निदान मोजलं तरी आहे. 'सुपर प्रोटेक्शन', 'रेसिंग टेक्नॉलॉजी' या शब्दांना काही अर्थ नाही.

पाचवा गियर

वा, दंडवत! पण एक शंका. माझी गाडी सकाळी चालू केल्यावर क्षणभर खडखडते, मग गप्प. हा त्या चकतीचा प्रताप असू शकतो का?

टॉर्क रेंच

असू शकतो. रात्रभरात फिल्टर रिकामा झाला की सकाळी तो भरेपर्यंत चेन, बेअरिंग सगळ्यांना ऑइल उशिरा पोचतं. पण आधी वाकून बघा तुमचा फिल्टर बसतो कसा. तोंड वर करून उभा असेल तर ऑइल तसंही त्यातच राहतं, चकतीला फारसं काम नाही. आडवा किंवा उलटा असेल तर चकती महत्त्वाची. ऑइलची पातळी आणि ग्रेडही तपासा. सगळं फिल्टरवर ढकलू नका.

मिरजेचा फिटर

नमस्कार. माझं गॅरेज आहे, नावावरून गाव कळेलच. टॉर्क रेंच साहेबांनी थिअरी झकास सांगितली, मी हातातलं सांगतो.

नावाजलेल्या कंपनीचा आणि ओरिजिनल असेल तर एमजीपी काय, बॉश काय, प्युरोलेटर काय, साध्या वापराच्या पेट्रोल गाडीला दहा हजार किलोमीटर आरामात काढतात. माझ्याकडे फिल्टरमुळे इंजिन गेलं अशी गाडी आलेली नाही. फिल्टर न बदलल्यामुळे, चुकीचा बसवल्यामुळे आणि डुप्लिकेटमुळे आलेल्या भरपूर.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे डबल रिंग. जुना फिल्टर काढताना त्याची रबर रिंग कधी कधी इंजिनच्या बैठकीला चिकटून राहते. वरून काळं ऑइल माखलेलं, रबरही काळं, दिसत नाही. पोरगं घाईत त्यावरच नवा फिल्टर चढवतं. गाडी रॅम्पवर चालू केली तर कदाचित थेंबही गळणार नाही. हायवेला लागल्यावर दाबाने रिंग बाजूला सरकते आणि मिनिटात चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) मोकळा. मागच्या पावसाळ्यात असंच एक प्रकरण टो होऊन आलं. दुसरीकडे सर्व्हिसिंग करून निघालेली गाडी, मालकाला ऑइलच्या दाबाचा लाल दिवा दिसला तरी "पुढच्या पंपावर बघू" म्हणत चालवली. बैठकीवर एकावर एक दोन रिंगा, वरची अर्धी बाहेर आलेली. क्रँक गेला. म्हणून माझ्याकडे नियम आहे, जुना फिल्टर उतरला की त्याच्या तोंडावर रिंग आहे का ते आधी बघायचं, मग बैठक कापडाने पुसून त्यावरून नख फिरवायचं. नखाला कळतं.

नव्या रिंगेला बोटाने ताजं ऑइल लावायचं, हाताने फिरवायचं, रिंग टेकली की तिथून पाऊण फेरा. बास. पट्टा पाना फक्त काढायला, बसवायला नाही. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी पेचकस आरपार ठोकून काढावा लागतो, आणि मग शिव्या आम्हीच खातो.

नानापेठी

फिटरदादांना +१. पुण्यात असाल तर नाना पेठेत जा, पण ओळखीच्या दुकानात आणि पक्क्या पावतीवर. तिथे एकाच गल्लीत अस्सलही मिळतं आणि नक्कलही, दोन्हीच्या डब्याचा रंग सारखाच. मुंबईकरांना ऑपेरा हाउसकडची स्पेअर पार्टची दुकानं माहीत असतीलच. नकली माल ओळखायच्या खुणा: डब्यावरची छपाई फिसकटलेली, एमआरपी आणि पॅकिंगची तारीख चिकटवून मग परत चिकटवलेली, होलोग्राम नुसताच चमकणारा कागद. आणि भाव! एमआरपीच्या निम्म्यात देत असेल तर तो तुमचा मावसभाऊ तरी आहे किंवा माल तरी खोटा आहे.

रिकामटेकडा

मावसभाऊ निम्म्यात देत नाही. अनुभव आहे.

भाग्यश्री_क

मी पॉपकॉर्न घेऊन बसले होते, पण आता विचारतेच. गॅरेजवाल्याने फिल्टर खरंच बदलला की नुसता पुसून बिलात लावला, हे आपल्यासारख्याला कळणार कसं? मी काही गाडीखाली आडवी पडणार नाहीये.

नानापेठी

ताई, सोपं आहे. गाडी देतानाच सांगायचं की जुना फिल्टर मला डिकीत टाकून हवा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. जो कुरकुर करेल त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही. आणि नव्या फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहायला लावायचे. पुढच्या वेळी मोबाइल खाली धरून फोटो काढला तरी दिसतं.

मिरजेचा फिटर

बरोबर. आम्ही न मागता दाखवतो. गिऱ्हाइकाला जुना फिल्टर हातात घेतला की वजनच कळतं. त्यात वाटीभर काळं ऑइल असतं. जाता जाता, म्हणूनच "फिल्टर एक आड एक बदला" हा जुना हिशेब मला पटत नाही. नव्या ऑइलमध्ये वाटीभर जुनं मिसळायचं कशासाठी? शंभर रुपये वाचवायला?

सदाशिव_आपटे

आम्ही मारुती ८०० एक आड एकच फिल्टर बदलून वर्षानुवर्षं वापरली. काही झालं नाही. तुमची पिढी फार घाबरट.

टॉर्क रेंच

आपटेकाका, तुम्ही तेव्हा ऑइल किती किलोमीटरला बदलत होतात?

सदाशिव_आपटे

पाच हजाराला. न चुकता.

टॉर्क रेंच

मग फिल्टर दहा हजाराला बदलला जात होता. आत्ताचं वेळापत्रकही पेट्रोल मारुतीला दहा हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. म्हणजे काका, आपण भांडत नाही आहोत. भांडण त्यांच्याशी आहे जे ऑइल दहा हजाराला आणि फिल्टर वीस हजाराला बदलतात.

आणि 'एक वर्ष' हा भाग लोक विसरतात. ज्यांची गाडी फक्त रविवारी भाजी आणायला निघते त्यांचं इंजिन धड तापतच नाही. आत पाणी आणि पेट्रोलचा अंश साठत राहतो. अशांनी किलोमीटर न बघता वर्षाला बदलावं.

डिझेलवेडा

सगळे पेट्रोलवर तुटून पडलेत. आमच्या स्विफ्ट डिझेलचा कोणी विचार करणार का? १.३ मल्टिजेट, मूळ फियाटचं, १२४८ सीसी. त्याला डबा नसतोच, प्लास्टिकच्या टोपीखाली नुसता कागदी एलिमेंट. तो आतल्या आत बदलायचा. इथे ब्रँडपेक्षा टोपीची ओ-रिंग महत्त्वाची. चांगल्या पॅकमध्ये नवी रिंग येते. बरेच गॅरेजवाले ती डब्यातच टाकून देतात आणि जुनीच चपटी झालेली परत बसवतात. मग टोपीपाशी ओल सुटते आणि "इंजिन रडतंय साहेब, पॅकिंग बदलावं लागेल" सुरू.

दुसरं म्हणजे डिझेलमध्ये काजळी असते, ऑइल बदलल्यावर दोन दिवसांत काळं दिसतं. त्यावरून फिल्टरला दोष देऊ नका. काजळीचे कण इतके बारीक असतात की कागदातून सहज जातात. त्यांना तरंगत ठेवणं हे ऑइलमधल्या रसायनांचं काम.

ष्टुटगार्टचा बंड्या

इकडे जर्मनीत हेच एलिमेंटवालं प्रकरण सर्रास आहे, कारण फेकायला पत्रा राहत नाही, नुसता कागद. मान फिल्टर या कंपनीचं मुख्यालय लुडविग्सबुर्गला, माझ्या घरापासून लोकलने जवळच. तिथल्या दुकानात गाडीचा कोड सांगितला की तोच एक फिल्टर हातात ठेवतात, चर्चा नाही.

अवांतर: इथे इंजिन ऑइल विकणाऱ्या दुकानदाराला तेवढंच वापरलेलं ऑइल परत घेणं कायद्याने बंधनकारक आहे. पावती दाखवायची, कॅन द्यायचा, मोकळं व्हायचं. तिकडे घरी ऑइल बदलणारे जुन्या ऑइलचं काय करतात?

गुहागरी

आमच्याकडे जळकं ऑइल वाया जात नाही बंड्याभाऊ. गोठ्याच्या वाशांना, कुंपणाच्या खांबांना लावतात, वाळवी लागत नाही. गवंडी सेंटरिंगच्या प्लेटांना लावायला मागून नेतो. गॅरेजवाला उलट पैसे घेऊन विकतो.

अनघा_नाशिक

आणि तेच पावसात धुपून विहिरीत जातं. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ चे नियम आहेत, ते नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवं. वाळवीसाठी बाजारात दुसरी औषधं मिळतात.

गुहागरी

ताई, नियम मान्य. पण आमच्या तालुक्यात तो रिसायकलर दाखवा, मी स्वतः रिक्षाने नेऊन देतो.

मिरजेचा फिटर

दोघंही बरोबर. आमच्याकडे एक जण पिंपं गोळा करायला येतो, मी आधी त्याचा परवाना बघितला होता. तुमच्याकडे कोणी येत नसेल तर शहरातल्या मोठ्या सर्व्हिस स्टेशनला विचारा, त्यांच्याकडे उचलणारा असतोच, कॅन नेऊन दिला तर बहुतेक घेतात. फिल्टरसुद्धा भोक पाडून रात्रभर उलटा निथळत ठेवायचा, मग भंगारात.

गियरबॉक्स_गण्या

धाग्यावर भांडण पेटण्याआधी माझा एक प्रश्न. मोठा फिल्टर लावला तर? म्हणजे त्याच आट्यांचा पण लांब डबा. कागद जास्त, घाण जास्त मावेल. मित्राने लावलाय.

टॉर्क रेंच

लावता येतो, पण दोन गोष्टी बघा. एक, बायपासची सेटिंग वेगळी असू शकते. दोन, आटे. बाजारात दोन माप फार सारखी दिसतात, एम२० × १.५ आणि पाऊण इंच, इंचाला १६ आट्यांचं. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी आणि त्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) जवळपास १.५९ मिमी. त्या नळीवर २० मिमीचा फिल्टर हाताने चढतो, किंचित ढिला लागतो इतकंच. धरल्यासारखा वाटतो आणि दाब आला की आटे सोडतो. "बसला म्हणजे बरोबर" हा हिशेब फिल्टरला लागू नाही. पार्ट नंबर जुळवा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका.

गुहागरी

त्यात लांब डबा खाली लोंबला तर आमच्या रस्त्यांवर पहिला दगड त्यालाच लागेल. गण्या, मित्राला सांग घाट उतरायच्या आधी काढ.

सदाशिव_आपटे

एवढं सगळं करण्यापेक्षा २०डब्ल्यू-५० घाला. जाड ऑइल, इंजिन शांत. आमचा मेकॅनिक तेच सांगायचा.

टॉर्क रेंच

काका, तुमच्या काळच्या इंजिनांना ते चालत होतं, के-सिरीजला (म्हणजे के१०बी वगैरे) नाही. आतल्या फटी बारीक आणि ऑइल पातळ धरूनच डिझाइन केलंय. जाड ऑइल थंड असताना कागदातून पटकन जात नाही, बायपास उघडतो, आणि तुम्ही हौसेने आणलेला भारी फिल्टर सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत नुसताच बघत बसतो. शिवाय ॲव्हरेज कमी होतं ते वेगळंच. आवाज कमी झाला म्हणजे झीज कमी झाली असं नाही.

सदाशिव_आपटे

बघतो. मुलाच्या गाडीत आहे तीच ग्रेड राहू देतो.

रिकामटेकडा

स्क्रीनशॉट काढला! आपटेकाका मान्य झाले. ऐतिहासिक धागा.

भाग्यश्री_क

माझ्या नवऱ्याची स्प्लेंडर वर्षानुवर्षं बिनफिल्टरची चालते, तो म्हणतो ही सगळी फॅडं आहेत.

डिझेलवेडा

बिनफिल्टरची नाही हो ताई. तिला कागदी फिल्टर नाही इतकंच. जाळी असते आणि शिवाय ऑइल गरगर फिरवून जड कण कडेला फेकणारी व्यवस्था असते. मेकॅनिकने साइड कव्हर उघडून ती कधीतरी साफ करायची असते. कधी केलीय का ते विचारा नवऱ्याला.

भाग्यश्री_क

विचारलं. शांतता पसरली आहे.

गियरबॉक्स_गण्या

नवा फिल्टर बसवायच्या आधी त्यात ऑइल भरून घ्यावं का? इंटरनेटवर निम्मे लोक हो म्हणतात, निम्मे नाही.

मिरजेचा फिटर

उभा बसत असेल तर थोडं भरतो. आडव्याला भरलं की अर्धं हातावर आणि अर्धं गाडीवर.

टॉर्क रेंच

माझं मत, गरज नाही. मधल्या भोकातून ओतलेलं ऑइल गाळलेल्या बाजूला जातं, म्हणजे कॅनमध्ये किंवा फनेलला जे काही असेल ते थेट बेअरिंगकडे. छोट्या इंजिनाचा पंप एवढासा फिल्टर काही सेकंदांत भरतो. गाडी चालू करायची, रेस न देता दाबाचा दिवा जाईपर्यंत थांबायचं.

मिरजेचा फिटर

फनेल स्वच्छ ठेवतो मी साहेब.

टॉर्क रेंच

तुम्ही ठेवता. सगळे ठेवत नाहीत.

पाचवा गियर

सर्वांचे आभार, एवढा प्रतिसाद अपेक्षित नव्हता. अपडेट: मारुतीच्या अधिकृत पार्ट्स काउंटरवरून एमजीपी घेतला, पावतीसकट. लाल फिल्टरचा मोह टाळला. गॅरेजमध्ये उभा राहून बदलून घेतला, बैठकीवर नख फिरवायला लावलं तेव्हा तिथला पोरगा माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. जुना फिल्टर डिकीत आहे, या रविवारी कापतो. सकाळचा खडखडाट कमी झाल्यासारखा वाटतोय, पण एवढ्यात काही म्हणत नाही.

एक राहिलं. चेंबरच्या नटाचा वायसर गॅरेजवाल्याने जुनाच टाकला. "चालतो" म्हणाला. चालतो का?

मिरजेचा फिटर

आत्ता गळत नसेल तर राहू द्या, नट उगीच परत खोलू नका. फक्त दोन-तीन दिवस सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून बघा. तो वायसर एकदा दाबला की चपटा होतो, परत तसाच सील देईल याची खात्री नाही. मग फिटर नट जास्त आवळतो, आणि चेंबरचे आटे गेले की मात्र खर्च मोठा. पुढच्या वेळी फिल्टरबरोबर वायसरही मागून घ्या, दहा-वीस रुपयांत येतो.

रिकामटेकडा

'चेंबरचा वायसर: कंपनीचा घ्यावा की बाहेरचा?' नवा धागा काढू का?

अनघा_नाशिक

काढून तर बघा.